तेराव्याच्या आत कुठल्याही कागदावर सही करू नका

१८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात कारखान्याचे मालकही होते. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीतल्या, नात्यातल्या, माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या, ओळखीतल्या बायका मला एकच विचारत होत्या. उद्या आपल्या घरातलं माणूस कामावर असताना गेलं तर आपल्याला काय मिळतं, आणि ते मागायचं कुणाकडे? विचारणं अजून थांबलेलं नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मी वकील नाही. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं, ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची चलनं, पीएफचे रिटर्न हे माझं रोजचं काम. आणि २०२२ मध्ये माझे दाजी, म्हणजे अक्काचे मिस्टर, कामावरच गेले. त्यामुळे कायद्याची ही बाजू मी ऑफिसच्या टेबलावरून पाहिली आहे आणि अक्काच्या शेजारी कोर्टाच्या बाकावर बसूनही पाहिली आहे.

दाजी एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, हायड्रोवर होते. रंगवून धुतलेले ओले टॉवेल ज्या मोठ्या गोल मशीनमध्ये घालून गरगर फिरवतात आणि पाणी काढतात, ते मशीन. झाकण लागल्याशिवाय ते चालू होता कामा नये आणि पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडता कामा नये, अशी त्यात सोय असते. तिथल्या मशीनची ती सोय कधीची तुटली होती. मशीन थांबायच्या आतच माल ओढून काढायची तिथे सगळ्यांनाच सवय लागली होती, कारण पुढचा माल पाटीत तयार असायचा. ओल्या टॉवेलचं टोक दाजींच्या हाताला गुंडाळलं गेलं. सिव्हिलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ते चाळीस वर्षांचे होते. मुलगी दहावीला होती, मुलगा पाचवीला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी कारखान्याकडून दोघं जण घरी आले. वागायला वाईट नव्हते, डोळ्यांत पाणीही होतं. त्यांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला कागद आणला होता आणि पिशवीत दोन लाख रुपये रोख. अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चुलत सासऱ्यांनी कागद वर वर पाहिला आणि म्हणाले, “घे पोरी, माणूस काय परत येणाराय का? कोर्टात चपला झिजतील, हातात काही पडणार नाही.” त्यांचं मन साफ होतं. आपल्याकडे शंभरातली नव्वद घरं त्या क्षणी सही करतात, कारण तेराव्याचा खर्च समोर असतो, शाळेची फी समोर असते आणि डोकं बधिर झालेलं असतं.

मी तो कागद घेऊन खिडकीपाशी वाचला. त्यात दोन वाक्यं अशी होती की ती मला आजही तोंडपाठ आहेत. ‘मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सदर अपघात घडला असून त्यास कारखान्याचे मालक जबाबदार नाहीत.’ आणि खाली, ‘सदर रक्कम मिळाल्याने आमची यापुढे कोणतीही मागणी अगर तक्रार राहणार नाही.’ मी त्या दोघांना म्हटलं, तेरावा होऊ दे, मग बघू. त्यांनी पिशवी परत नेली. जाताना दिवसांच्या खर्चाला म्हणून पंचवीस हजार दिराच्या हातात ठेवले, ते आम्ही घेतले आणि तारीख घालून लिहून ठेवले.

आता त्या दोन वाक्यांचं कायद्यापुढे काय होतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

दाजींना लागू झालेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, म्हणून मी सांगते ते नियम आणि आकडे त्या तारखेआधीच्या अपघातांचे समजा. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. माणूस तिथे कामाला होता, अपघात त्या कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं दाखवलं की पुरे. मग प्रश्न उरतो तो पगार किती आणि वय किती, इतकाच. कामगार दारू प्यायला होता, सांगितलेला नियम त्याने मुद्दाम मोडला किंवा मशीनचं संरक्षण जाणूनबुजून काढलं, अशा सबबी मालकाला जखमेच्या प्रकरणात सांगता येतात. पण त्या अपघातात माणूस मेला असेल तर त्यांतली एकही सबब चालत नाही. निष्काळजीपणाचं ते वाक्य फक्त घरच्यांना घाबरवायला आणि गप्प बसवायला असतं. आपलंच माणूस चुकलं असं एकदा विधवेच्या मनात भरवलं की ती पुढे काही विचारतच नाही. मला त्या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

दुसरं वाक्यही फोल आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्याच कायद्याने रद्दबातल धरलेला आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. पैसे या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करावे लागतात आणि तिथून ते घरच्यांना मिळतात. मालकाने आधी हातात दिलेल्यातली तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम तेवढी आगाऊ म्हणून वळती होऊ शकते. आमचे पंचवीस हजार तसे वळते झाले, आणि ते बरोबरच होतं. हा नियम करणाऱ्याला माहीत असणार की दुःखात बसलेल्या बाईसमोर पिशवी ठेवली की काय होतं. तेव्हा एखादीने आधीच सही केली असेल, तरी सगळं गेलं असं समजून गप्प बसू नका. कागद आणि मिळालेले पैसे दोन्ही वकिलाला दाखवा.

हिशोब कसा होतो ते दाजींच्याच आकड्यांवर सांगते. महिन्याच्या पगाराचा निम्मा घ्यायचा आणि वयाप्रमाणे कायद्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायचं. चाळिसाव्या वर्षाचा आकडा १८४.१७ आहे. तिसाव्याचा २०७.९८, पन्नासाव्याचा १५३.०९. माणूस तरुण तेवढा आकडा मोठा. पगार कितीही असला तरी हिशोबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. भरपाई कमीत कमी १,२०,००० असते, आणि अंत्यविधीचे ५,००० वेगळे.

मालकाच्या रजिस्टरला दाजींचा पगार ८,००० लिहिलेला होता. त्याने हिशोब केला तर भरपाई ७,३६,६८० होते. खरा पगार याहून पुष्कळ जास्त होता, पण तो शनिवारी हातात मिळायचा. पावती नाही, स्लिप नाही. मग सिद्ध कशाने करायचं?

दाजींना एक सवय होती. बियाण्याच्या दुकानात दिवाळीला फुकट मिळणारी खिशातली डायरी ते वर्षभर वापरायचे. तिरप्या बारीक अक्षरात, प्रत्येक शनिवारी एक ओळ. ‘शनि. ६ दिवस. ३,०००. उचल ५०० वजा.’ मध्येच ‘खाडा १, ताईची शाळा.’ गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात ‘३ दिवस, १,५००’ आणि पुढे पाळण्याचे पैसेसुद्धा लिहिलेले. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्यापुढे एक फुली आणि जास्तीचे पैसे. अक्काने ती डायरी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली होती, कुणाला दाखवायची म्हणून नाही, त्यांचं अक्षर आहे म्हणून. मी आणि भाचीने बसून मागच्या बारा महिन्यांची बेरीज केली. १,५६,००० आले, म्हणजे महिना १३,०००. कायदाही बारा महिन्यांची सरासरीच बघतो. दिवाळीनंतर मालकाने काही आठवडे पैसे फोनवरून पाठवले होते. बँकेच्या पासबुकातल्या त्या नोंदी डायरीतल्या शनिवारांशी तंतोतंत जुळल्या, आणि डायरी खरी आहे हे तिथेच ठरलं. बरोबर काम करणाऱ्या एका मुलाने साक्ष दिली. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही, कारण साक्ष द्यायला तो अजून तिथेच काम करत असताना आला.

१३,००० चा निम्मा ६,५००, गुणिले १८४.१७, झाले ११,९७,१०५. रजिस्टरच्या आकड्यापेक्षा ४,६०,४२५ जास्त. दाजींनी खिशातल्या डायरीत लिहिलेल्या शनिवारच्या ओळींची ही किंमत. म्हणून मी भेटेल त्या बाईला सांगते, नवऱ्याच्या पगाराची ओळ दर आठवड्याला कुठेतरी लिहा, आणि मालक फोनवरून पैसे पाठवत असेल तर आनंदाने घ्या, रोखीचा हट्ट धरू नका.

अर्ज आम्ही कामगार न्यायालयात केला. तिथले न्यायाधीशच या कायद्याखालचे आयुक्त म्हणून काम बघतात. अर्जाला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते. अपघात जिथे झाला तिथे अर्ज करता येतो आणि घरचे जिथे राहतात तिथेही करता येतो, हे सोलापुरात येऊन राबणाऱ्या विजयपूर-कलबुर्गीच्या आणि बिहार-यूपीच्या कामगारांच्या घरच्यांसाठी फार मोलाचं आहे. मालकाने अपघाताचं कळवलंच नाही, तरी आयुक्तांना कुठूनही माहिती मिळाली की ते मालकाला नोटीस काढून विचारू शकतात. साधं पत्रसुद्धा चालतं.

कागद कुठले लागतात? पोलिसांचा पंचनामा, सिव्हिलमधला शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि कामाचा नि पगाराचा जो काही पुरावा असेल तो. पंचनाम्यात जागा आणि मशीन नीट लिहिलंय ना हे घरच्या एखाद्या शहाण्या माणसाने त्याच दिवशी बघावं. ‘काम करत असताना’ हे तीन शब्द तिथे नसतील तर पुढे फार त्रास होतो. कारखान्यावर पोलीस केस झाली की काही जण म्हणतात, आधी केस मागे घ्या, मग पैसे देऊ. केस वेगळी, भरपाई वेगळी. एकीसाठी दुसरी सोडायची गरज नाही. मोठ्या दुर्घटनेनंतर सरकार जी मदत जाहीर करतं तीही वेगळी. ती मिळाली म्हणून मालकाकडची भरपाई सुटत नाही. बांधकामावरचा कामगार असेल आणि कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडूनही पाच लाख मिळतात.

तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. आमच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त काळ आला, आणि त्या काळात अक्काने टॉवेलच्या कडा शिवून घर चालवलं. मी हे लपवणार नाही, कारण वाट बघायची तयारी ठेवूनच यात उतरावं लागतं. पण वाट बघण्याचेही पैसे आहेत. भरपाई महिन्याभरात जमा केली नाही तर वर्षाला बारा टक्के व्याज लागतं. आमच्या रकमेवर ते वर्षाला १,४३,००० च्या वर जात होतं. उशिराला काही कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. तारखांवर तारखा घेणाऱ्या मालकाच्या वकिलाला निकालाची घाई का नव्हती हे मला कळतं, पण व्याजाचा आकडा कुणीतरी मालकालाच समजावून सांगितला आणि त्यानंतर गाडी हलली.

पैसे कुणाला मिळणार यावरून घरात कुरबूर झाली, ती बहुतेक घरांत होते. धाकट्या दिराला वाटत होतं की भावाचे पैसे म्हणजे घराचे पैसे. कायद्यात यादी दिलेली आहे. विधवा बायको, अज्ञान मुलगा, लग्न न झालेली मुलगी आणि विधवा आई, हे आधी. अक्काच्या सासूबाई विधवा, त्यामुळे त्यांचा हिस्सा आला आणि तो यायलाच हवा होता. सज्ञान, धडधाकट भाऊ त्या यादीत नाही. वाटणी आयुक्त करून देतात, त्यामुळे अक्काला घरात कुणाशी तोंड वाजवावं लागलं नाही. भाचीचा आणि भाच्याचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून गेला. काहींना हे जाचक वाटतं, ‘आमचेच पैसे आम्हाला नाहीत’ म्हणतात. मला ते योग्य वाटतं. लग्नकार्य निघालं, कुणाचं दुकान घालायचं झालं की विधवेच्या पैशावर पहिला हात पडतो. तो हात अडवायला बँकेची पावती बरी. भाचीच्या डिप्लोमाची फी भरायची होती तेव्हा अर्ज केला आणि व्याज मिळालं.

कामावर जाता-येता अपघात झाला तर? हे फार जण विचारतात, कारण आपली निम्मी माणसं चिंचोळीला आणि अक्कलकोट रोडला पहाटेच्या अंधारात दुचाकीवरून जातात. शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यातलं एक प्रकरण आहे. साखर कारखान्याचा एक वॉचमन २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात गेला. घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर झालं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण माणूस अजून कामावर पोचला नव्हता. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई पुन्हा मंजूर केली. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परत येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरायचा. त्या बाईने बावीस वर्षं हा लढा सोडला नाही. तिला मी ओळखत नाही, पण तिच्यामुळे आपल्या कितीतरी घरांचा रस्ता मोकळा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर हे थेट लिहिलेलंच आहे. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर हिशोब १९२३ च्या कायद्यानेच मांडा.

हे सगळं ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी. दाजींच्या डाइंगमध्ये आठच माणसं होती, म्हणून ईएसआय नव्हता. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागतो, आणि मग भरपाई मालकाकडून नाही, ईएसआयच्या महामंडळाकडून मिळते. एकरकमी नाही, दरमहा. रोजच्या सरासरी पगाराच्या नव्वद टक्क्यांतून बायकोला पाचातले तीन भाग, प्रत्येक मुलाला दोन. बेरीज जास्त झाली तर त्याच प्रमाणात सगळ्यांचे कमी होतात. बायकोला पुन्हा लग्न करेपर्यंत किंवा आयुष्यभर, मुलाला पंचविशीपर्यंत, मुलीला लग्न होईपर्यंत. अंत्यविधीला १५,०००. मला विचाराल तर पोरं लहान असताना हेच जास्त भरवशाचं. दरमहा खात्यात येणाऱ्या पैशाला भाऊबंद हात लावू शकत नाहीत.

पण त्यासाठी नाव असायला हवं. कारखान्यात चौदा माणसं राबतात आणि चलनात नऊ नावं, हे आपल्या गावात नवीन नाही. अपघात झाल्यावर रात्रीत नाव चढवायची पळापळ होते, मग महामंडळ चौकशी लावतं आणि विधवा मालक आणि महामंडळ या दोन्हींच्या मध्ये अडकते. घरातल्या माणसाचा ईएसआय नंबर आहे का हे आज विचारून घ्या. नंबर असेल तर कार्डावर बायकोचं, मुलांचं, आईचं नाव बरोबर लागलंय का बघा.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणी कारखानदार असतील तर त्यांनाही सांगायचं आहे, कारण मी त्यांचीही चलनं भरते आणि धंद्याची ओढाताण मला दिसते. दहाच्या आत माणसं असतील तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या; मग असा प्रसंग आला तर भरपाई विमा कंपनी देते, दंड तेवढा तुमच्यावर राहतो. दहा किंवा जास्त असतील तर नावं चढवा. तेरा हजार पगाराच्या माणसामागे मालकाचा ईएसआयचा वाटा सव्वातीन टक्क्यांनी महिन्याला ४२३ रुपये होतो.